घरचं बी

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता. घरातली बरीच मंडळी इथे वाचायला येतात, म्हणून आधीच सांगून टाकतो: काकूला सगळं वाचून दाखवलंय आणि तिची हरकत नाही. "लिही. आता कोणाला काय व्हायचंय त्याचं," असं म्हणाली. तेव्हा कृपया फोनाफोनी करू नये :-)

तर विषय आहे आनुवंशिकतेचा. म्हणजे आईबापाचं पोरात काय येतं, कसं येतं आणि कधीकधी येता येता मध्येच कुठे दडून बसतं, त्याचा. हा विषय मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, मेंडेलच्या वाटाण्यांवर पानंच्या पानं लिहिली, मार्कंही बरी पडली. पण तो मला समजला आमच्या नानांच्या शेताच्या बांधावर, आणि तोही माझ्याच चुकीमुळे.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या खोऱ्यात. पुण्याला जाताना टोलनाक्यापाशी गाड्या मंदावतात ना, तिथून फार लांब नाही. शेती सगळी भाताची. नाना म्हणजे माझे मोठे काका. त्यांची अडीच एकराची खाचरं, त्यातला अर्धा एकर वरकस. नानांचा एक नियम होता, तो त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला: बी घरचं. दुकानातून खत आणतील, कधीतरी औषध आणतील, पण बी आणणार नाहीत. कापणीच्या आधी काकू कासोटा खोचून खाचरात उतरायची. सगळ्या भातात एखादंच रोप डोकं वर काढून उभं असेल, एखादी लोंबी वेगळ्या रंगाची असेल, एखादी आधीच पिकून वाकली असेल, तर ती कापून बाजूला. उरलेल्यातली ठसठशीत लोंबी बियाण्याला. ते भात वेगळं झोडायचं, चांगलं वाळवायचं, दाणा दाताखाली कटकन मोडला की कणगीत भरायचं आणि वर कडुलिंबाचा पाला टाकायचा. मृगात राबावर तेच पेरायचं. वर्षानुवर्षं हे असंच. कणगीला हात लावायचा अधिकार एकट्या काकूचा.

२००७ साली मात्र नानांनी नियम मोडला. शेजारच्या खाचरात कोणीतरी संकरित भात लावलं होतं आणि ते डोळ्यांत भरण्यासारखं आलं होतं. नानांनी एका एकरापुरती पिशवी आणली. पीक असं आलं की विचारू नका! एकाच उंचीचं, एकाच दिवशी निसवलेलं, जणू कोणी वरून कात्री फिरवली आहे. दिवाळीनंतर नानांचा मला फोन. "काय रे, तू यातलंच शिकलायस ना? बी ठेवू का याचं?"

मी ऑफिसात होतो, घाईत होतो. "ठेवा की नाना. एवढं चांगलं आलंय तर!"

मंडळी, नऊ-तीन-तीन-एक हे गुणोत्तर झोपेत विचारलं तरी सांगणारा माणूस हे म्हणाला. एका वाक्यात तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात.

२००८ च्या नवरात्रात गावी गेलो तर नाना बोलेनात. काकूनं डोळ्यांनीच शेताकडे जायला खुणावलं. गेलो. त्या एका एकरात काय नव्हतं! काही रोपं गुडघ्याएवढी, काही कमरेच्या वर. काही पिवळी पडून कापायला आलेली, शेजारचीच अजून हिरवीगार. दाणा कुठे बारीक, कुठे जाड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जागोजागी ताठ उभ्या राहिलेल्या लोंब्या. भरलेली लोंबी वजनानं वाकते, ताठ उभी लोंबी म्हणजे आत काही नाही. हातात घेऊन चुरडली तर नुसतं फोल.

"दुकानवाल्यानं फसवलं," एवढंच नाना म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि तू पण."

दुकानदाराचा काही दोष नव्हता. पिशवी कुठल्या कंपनीची होती ते जाऊ दे, दोष पिशवीचाही नव्हता. बी पुन्हा पेरू नका असं तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, ते आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं. पण नानांना ते पटेना. "आपण भात पेरलं तर भातच यायला पाहिजे, आणि जसं पेरलं तसं यायला पाहिजे. खाण तशी माती!" हा त्यांचा मुद्दा. शेवटी मी म्हटलं, चला, कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊ आणि तिथल्या लोकांनाच विचारू. पाच-सहा रोपं मुळासकट उपटून गोणपाटात गुंडाळली आणि खोपोलीहून लोकलनं आम्ही दोघं निघालो.

इथे थोडं थांबून दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे.

नानांना तीन मुलं. थोरला आणि मधली, दोघंही नानांसारखी काळ्याभोर डोळ्यांची. धाकटा मात्र घारा. १९७४ सालचा त्याचा जन्म. नानांचे डोळे काळे, काकूचे काळे, आजीचे काळे, आजोबांचेही काळे. मग हा घारा कुठून आला? गावात असले प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण विचारल्याशिवाय राहतही नाही. पाणवठ्यावर बायका हसायच्या. बारशाला आलेली एक लांबची आत्या म्हणे सगळ्यांसमोर बोलली, "पोर गोरंगोमटं आहे हो, पण आपल्यातलं वाटत नाही." आमच्या आजीनं तर काही वर्षं काकूशी सरळ बोलणंच टाकलं होतं. हे सगळं मला फार नंतर, आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. नाना काय म्हणाले होते? काहीच नाही. आई म्हणायची, ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

असो. आपण कर्जतला जाऊ.

कर्जतचं हे केंद्र १९१९ सालचं. इंग्रजांच्या काळात, मुंबई इलाख्यात, जेव्हा आपल्या रायगडाचं नाव कुलाबा जिल्हा होतं, तेव्हा ते सुरू झालं. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तेव्हा आनुवंशिकतेचं शास्त्र स्वतःच जेमतेम एकोणीस वर्षांचं होतं.

म्हणजे कसं, ते सांगतो. ग्रेगोर मेंडेल हा ब्रुनोच्या (आताचं चेक प्रजासत्ताक) मठातला पाद्री. १८५६ पासून सात-आठ वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाणे लावले. उंच वाटाण्याचा आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पोरं मध्यम उंचीची यायला हवी होती, दुधात पाणी मिसळल्यासारखी. तशी ती आली नाहीत. सगळी उंच आली. बुटकेपणा गेला कुठे? मेंडेलनं त्या उंच पोरांचं बी त्यांच्यातल्या त्यांच्यात धरून पुन्हा पेरलं आणि नातवंडं मोजली. ७८७ उंच आणि २७७ बुटकी. म्हणजे जवळजवळ तीनास एक. बुटकेपणा गेला नव्हता, एक पिढी गप्प बसला होता.

यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष मी माझ्या शब्दांत सांगतो. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन चिठ्ठ्या वेगळ्या असल्या तर एकीचंच चालतं, ती प्रभावी. दुसरी गप्प राहते, ती अप्रभावी. पण गप्प राहिली तरी ती पुसली जात नाही. पुढच्या पिढीला देताना दोन्हींतली कुठलीही एक दिली जाते. दोन गप्प चिठ्ठ्या एकाच पोराच्या वाट्याला आल्या की दडलेला गुण पुन्हा दिसतो. बस्स, एवढंच. या चिठ्ठ्यांना आज आपण जनुकं म्हणतो.

मेंडेलनं हे १८६५ साली वाचून दाखवलं, १८६६ साली छापलं आणि कोणीही लक्ष दिलं नाही. १८८४ साली तो गेला. १९०० साली तीन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना पुन्हा तेच आढळलं आणि मग सगळ्यांना मेंडेल आठवला. कर्जतला पहिली खाचरं आखली गेली ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी.

सुरुवातीच्या काळात भाताच्या पैदाशीचं काम मुख्यतः निवडीचं होतं. कोकणातली जुनी भातं म्हणजे एकेक वाण नव्हतं, ती मिसळ होती. कोळंबा म्हटलं तरी गावोगावचा कोळंबा वेगळा आणि एकाच खाचरातली रोपंही थोडीथोडी वेगळी. त्यातली चांगली लोंबी उचलायची, तिचं बी वेगळं लावायचं, पुढच्या वर्षी ओळीओळीनं तपासायचं. अशा निवडीतून जुन्या नावांना आकडे चिकटले: कोळंबा-५४०, झिनी-१४९ वगैरे. आमची काकू दरवर्षी शेतात जे करायची तेच हे, फक्त वहीत नोंद ठेवून.

पण निवडीला एक मर्यादा आहे. डेन्मार्कच्या योहान्सेननं ती १९०३ साली घेवड्याच्या बियांवर दाखवली. मिसळीतून निवड केली तर फरक पडतो. पण एकदा शुद्ध झालेल्या वंशातून कितीही मोठं बी निवडून पेरा, पुढची पिढी तेवढीच राहते. कारण निवडायला आत वेगळं काही उरलेलंच नसतं. ('जीन' हा शब्दही याच माणसानं १९०९ साली वापरात आणला.) भाताचं तर लग्नच घरातल्या घरात. फूल उघडायच्या सुमारास त्याच फुलातला पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो. त्यामुळे दोन वेगळ्या चिठ्ठ्या असलेल्या जोड्या दर पिढीला निम्म्या होत जातात. निम्म्या, पाव, अर्धपाव... सहासात पिढ्यांत जवळपास सगळ्या जोड्या सारख्या होतात. म्हणूनच नानांचं घरचं बी वर्षानुवर्षं जसंच्या तसं येत होतं. नियम अडाणी नव्हता. त्या भातासाठी तो अगदी बरोबर होता.

मग नवीन गुण हवा असेल तर काय करायचं? बाहेरून आणायचा. संकर करायचा.

जुन्या भातांची मोठी अडचण म्हणजे उंची. खत घातलं की रोप उंच जायचं, लोंबी भरली की परतीच्या पावसात सगळं लोळायचं. म्हणजे जास्त खायला घातलं तर जास्त पडायचं. यावर उत्तर सापडलं तैवानात. तिथे एक बुटकं भात होतं, डी-जिओ-वू-जेन. या चिनी नावाचा अर्थ साधारण 'आखूड पायांचं, काळ्या टोकाचं'. त्याच्यापासून तैवानात १९५६ साली तायचुंग नेटिव्ह-१ हा वाण तयार झाला. पुढे फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली याच आखूड पायांच्या भाताचा पेटा नावाच्या उंच भाताशी संकर झाला. पहिली पिढी सगळी उंच. दुसऱ्या पिढीत पाव हिस्सा बुटकी! तीनास एक. मेंडेलच्या वाटाण्याचा हिशोब जसाच्या तसा, शंभर वर्षांनी, भातात. त्यातूनच १९६६ साली आय.आर.-८ आलं आणि आशियाच्या भातशेतीचं चित्र बदललं.

गंमत पुढेच आहे. १९९७ साली वाटाण्यातलं उंचीचं ते जनुक नेमकं सापडलं आणि २००२ साली भातातलं. दोन्ही जनुकं एकाच कामातली निघाली! जिबरेलिन नावाचं एक द्रव्य रोपाला उंच करतं, ते तयार करायच्या साखळीतल्या या दोन कड्या. मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यात त्या मजकुरातलं एक अक्षर बदललेलं होतं, तैवानच्या भातात ३८३ अक्षरं गळालेली होती. परिणाम तोच, जिबरेलिन कमी आणि रोप आखूड. हे द्रव्य ज्या वाटेनं माणसाच्या हाती लागलं तीही भाताचीच. एका बुरशीमुळे रोपं वेड्यासारखी उंच वाढून मरतात, त्या रोगाचा शोध घेताना १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं की ही करामत बुरशीतून पाझरणाऱ्या एका द्रव्याची आहे.

आता हे तैवानचं आखूड भात आपल्या कर्जतला येतं. इथल्या लोकांनी तायचुंग नेटिव्ह-१ चं लग्न आपल्या कोळंबा-५४० शी लावलं. पोरं झाली, नातवंडं झाली, नातवंडांची फाटाफूट झाली, आणि मग पिढ्यान्पिढ्या निवड. हव्या त्या चिठ्ठ्या ठेवायच्या, नको त्या काढायच्या, सगळं एकसारखं होईपर्यंत थांबायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे स्थिर झालं ते कर्जत-१८४. बुटकं, हळवं, आणि आईकडून किंवा बापाकडून कोकणातलंच. नानांच्या कणगीत कित्येक वर्षं जे 'घरचं बी' होतं ते हेच! नानांना वाटायचं ते आपल्या आजोबांचं भात. खरं तर ते अर्धं तैवानी, आणि त्याचं पाळणाघर आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर. आजोबांचं भात केव्हा गेलं आणि हे केव्हा आलं, हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. काकूला आठवत होतं. "तू चौथीत होतास तेव्हा तुझ्या बापानं कर्जतहून अर्धी पायली आणलं होतं," ती म्हणाली. मग त्या अर्ध्या पायलीवर आमची पुढची सगळी वर्षं चालली.

केंद्रातल्या साहेबांनी आमची रोपं टेबलावर मांडली. बघूनच हसले, पण वाईट नाही. नानांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "काका, तुम्ही आईबाप नाही पेरलेत, पोर पेरलंत. पोराच्या पोटी काय काय असतं ते आता दिसलं."

संकरित भात म्हणजे दोन अगदी वेगळ्या, शुद्ध वाणांची पहिली पिढी. प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी आईच्या वाणाची, एक बापाच्या. म्हणून सगळी रोपं हुबेहूब सारखी आणि दोन्हींपेक्षा जोमदार. पण त्यांचं बी धरलं की चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या जातात. आईबापांत नुसते दहा गुण वेगळे धरले तरी नातवंडांत ५९,०४९ प्रकारच्या जोड्या होऊ शकतात. (तीनाचा दहावा घात, करून बघा.) आणि दोन वाणांत दहाहून कितीतरी जास्त फरक असतात. नानांच्या एकरात दिसत होती ती ही पिसलेली पानं.

"आणि हे फोल?" नानांनी विचारलं.

त्याचं उत्तर मला कॉलेजातही कोणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. भातात संकर करायचा तर फुलाला स्वतःचा पराग नको, नाहीतर ते स्वतःच स्वतःला फळवणार. लक्षावधी फुलांमधून चिमट्यानं पराग कोण काढणार? १९७० साली चीनच्या हायनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्याला, ली बिहू यांना, एक रानभात सापडलं, त्याचा पराग मुळातच वांझ. हा वांझपणा पेशीच्या मध्यातल्या गुणसूत्रांत नसतो, तर बाहेरच्या भागात असतो, आणि तो भाग पोराला फक्त आईकडून मिळतो. म्हणून आई म्हणून हे वांझ परागाचं भात घ्यायचं, आणि बाप असा निवडायचा की ज्याच्याकडे तो वांझपणा दूर करणारं जनुक आहे. पोर धडधाकट होतं, दाणे भरतात. या जोरावर चीननं १९७६ पासून संकरित भात मोठ्या प्रमाणावर लावलं, आणि याच वाटेनं कर्जतच्या केंद्राचं स्वतःचं संकरित भात, सह्याद्री, १९९८ साली आलं. पण नातवंडांत काय होतं? आईचा वांझपणा सगळ्यांना मिळतो, तो सोडतच नाही. बापाचा उतारा मात्र चिठ्ठीसारखा वाटला जातो, कोणाला मिळतो, कोणाला नाही. ज्यांना नाही मिळत, त्यांची लोंबी ताठ उभी.

"कायदा तुम्हाला अडवत नाही," साहेब म्हणाले. खरं आहे ते. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क दिलाय, फक्त नोंदलेल्या वाणाचं बी छापील नावानं विकता येत नाही. "पण संकरितात निसर्गच अडवतो. दरवर्षी पिशवी विकत घ्यायची तयारी असेल तर लावा. नाहीतर आमचं साधं भात घ्या आणि खुशाल बी धरा. चारेक वर्षांनी मात्र एकदा नवीन नेत चला."

नाना बराच वेळ त्या रोपांकडे बघत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे आईबापात दिसत नाही, तरी पोरात निघू शकतं?"

"निघतं की. आजा-पणजाचं निघतं."

"माणसात पण?"

"माणसातही काका. हाच हिशोब."

परतीच्या लोकलला गर्दी नव्हती. पळसदरी गेलं, केळवली गेलं, नाना खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं पिकाचा विचार चाललाय, एका एकराचं नुकसान थोडं नव्हे. डोळवलीच्या सुमारास ते म्हणाले, "माझी आजी घारी होती."

मी काही बोललो नाही.

"मला आठवतं ना. मी सहा-सात वर्षांचा असेन, ती गेली तेव्हा. मांजरीसारखे डोळे होते. सगळे तिला घारी म्हातारीच म्हणायचे. धाकटा झाला तेव्हा मला आठवलं नाही बघ. कोणालाच आठवलं नाही." मग बऱ्याच वेळानं, "का आठवलं नसेल?"

याचं उत्तर मेंडेलकडे नाही. आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, मनुस्मृतीपासून, बाप म्हणजे बी आणि आई म्हणजे शेत अशी उपमा चालत आलीय. पीक वेगळं आलं की बी कोणाचं, असा प्रश्न शेताला विचारायचा. शास्त्र सांगतं की दोघंही बी देतात, अर्धं अर्धं, आणि थोडं जास्तच आई देते, कारण पेशीतला तो बाहेरचा भाग तिच्याकडूनच येतो. पण घारी म्हातारी नानांच्या बाजूची होती. ती आठवली असती तर शंका ज्या बाजूला गेली त्या बाजूला गेलीच नसती.

(शास्त्राच्या बाबतीत प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. डोळ्यांचा रंग वाटाण्याच्या उंचीइतका सरळ नाही. शाळेच्या पुस्तकात एका जोडीचा हिशोब देतात तो सोयीचा आहे. योगायोग असा की आमच्या फसलेल्या पिकाच्या वर्षीच, २००८ साली, पंधराव्या गुणसूत्रावरची एक जागा सापडली, जिचा डोळ्यांच्या रंगात मोठा वाटा आहे. पण तिच्याशिवाय इतर जनुकंही त्यात हात घालतात. दोन काळ्या डोळ्यांच्या माणसांना घारं मूल होऊ शकतं, हे मात्र त्यानं बदलत नाही. आणि दोन चिठ्ठ्या लागत असतील तर दुसरी काकूच्या माहेरच्या कोणा आजीची असणार. ते कोणी विचारायला गेलंच नाही.)

त्या रात्री जेवणं झाल्यावर नाना ओटीवरून उठून आत गेले. मी बाहेरच होतो. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, "घारी म्हातारी" एवढं ऐकू आलं. मग काकूचा आवाज. चढलेला नाही, रडवेला नाही, रोजच्यासारखा.

"आता कळलं होय? मला तेव्हाच माहीत होतं."

भांडी आवरायला लागली असावी, कारण मग भांड्यांचाच आवाज येत राहिला.

चौतीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मी खूप वेळा विचार केला की नाना खरंच कधी शंका घेत होते की नुसतेच गप्प होते, आणि दोन्हींत फरक काय. मला उत्तर सापडलेलं नाही. नाना आता नाहीत, मागच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. धाकटा पुढे बसला होता, घाऱ्या डोळ्यांचा, आणि बसण्याची ढब, मान कलती ठेवायची सवय, सगळं नानांचं. त्याला पिंड ठेवताना बघून एक म्हातारी म्हणाली, "अगदी बापावर गेलाय." ही तीच बारशाची आत्या.

त्या फसलेल्या वर्षानंतर कर्जतच्या केंद्रातून नवीन बी आलं. नाना असेपर्यंत तेच लावत होते, आता धाकटा लावतो. आजूबाजूची बरीच खाचरं फार्महाउसांच्या कुंपणात गेली, आमची अजून आहेत. काकूला आता चिखलात उतरवत नाही. पण कापणीच्या आधी ती बांधावर खुर्ची टाकून बसते आणि काठीनं दाखवते: ते उंच काढ, ते लालसर काढ, तो पलीकडचा चूड राहू दे, बियाण्याला चांगला आहे. धाकटा मुकाट्यानं काढतो. एवढ्या वर्षांत आमच्या घरचं बी कोणी शुद्ध राखलं, हे आम्ही कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. म्हणून लिहून ठेवलं.

तुमच्याकडे आहे का कोणी असा, एकटाच घारा? पणजीचा फोटो शोधून बघा एकदा.